पिल्लं मोजून भागेल का?

फेब्रुवारी-मार्च उजाडला की कोकणातून कासवांच्या पिल्लांचे फोटो यायला लागतात. वेळास, आंजर्ले... एवढीशी पिल्लं वाळूतून समुद्राकडे निघालेली. मलाही ते फोटो आवडतात. बातमीत एक आकडा मात्र हमखास असतो - यंदा इतकी पिल्लं समुद्रात सोडली. आकडा वाढला की आपण खूश. माझं म्हणणं एवढंच, की हा आकडा आता पुरेसा नाही.

हे काम मोठं आहे, यात वादच नाही. वेळासला 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने २००२ मध्ये सुरुवात केली तेव्हा अंडी माणसं पळवायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची. गावकऱ्यांना सोबत घेऊन हे चित्र बदललं. तेव्हा शत्रू दिसणारा होता. आताचा दिसत नाही.

आपल्याकडे येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेची मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते आणि साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. माणसात मुलगा की मुलगी हे गुणसूत्रं ठरवतात. समुद्री कासवांत ते वाळू ठरवते! अंडी वाळूत असताना मधल्या काही आठवड्यांत वाळू थंड असेल तर नर, गरम असेल तर माद्या. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही सारखे निघतात. दोन-तीन अंश इकडे-तिकडे झाले की पारडं एकाच बाजूला झुकतं. ३४-३५ अंशांच्या वर वाळू बरेच दिवस राहिली तर अंडी मरायलाच लागतात. (सगळ्या सरपटणाऱ्या प्राण्यांत असंच असतं असं नाही बरं का. न्यूझीलंडच्या तुआतारात उलटं, उष्णतेने नर वाढतात. सापांत तर गुणसूत्रंच ठरवतात.)

ऑस्ट्रेलियात काय झालं ते बघा. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण वाढलेल्या कासवांत माद्या सुमारे ८७ टक्के, आणि वयात न आलेल्यांत ९९ टक्क्यांहून जास्त! म्हणजे कित्येक वर्षं तिथे जवळजवळ माद्याच जन्मत होत्या.

यातली खरी गोम पुढे आहे. माद्या जास्त झाल्या की काही वर्षं घरटीही वाढतात. अंडी वाढतात, पिल्लं वाढतात, आपला आकडा फुगतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे थोड्याफार असमतोलाने बिघडत नाही. पण नर फारच कमी झाले तर अंडी फळणार कशी? कासव वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे आजची चूक कळणार केव्हा, तर ती सुधारायची वेळ निघून गेल्यावर.

कुणी म्हणेल, कासवं कोट्यवधी वर्षं आहेत, हिमयुगं पाहिलीत त्यांनी, जमवून घेतील. खरंय. पण तेव्हा हवामान सावकाश बदलायचं आणि किनारे मोकळे होते. एक किनारा तापला तर दुसरा होता. आज त्या दुसऱ्या किनाऱ्यावर रस्ता, रिसॉर्ट नाहीतर धूपप्रतिबंधक बंधारा आहे. मादीने जायचं कुठे?

शिवाय आपण अंडी उचलून हॅचरीत नेतो, तेव्हा जागा आपण निवडलेली असते. उन्हात की सावलीत, किती खोल खड्डा... म्हणजे नर-मादीचा निर्णय नकळत आपल्याच हातात आलेला असतो. मग तो डोळे उघडे ठेवून घ्यावा. वाळूत तापमापक ठेवावेत, रोज नोंद व्हावी, उन्हाळा वाढेल तशी सावली करावी. आणि जिथे धोका नाही तिथे घरटं मुळात हलवूच नये. यातलं काहीच फार खर्चाचं नाही.

अर्थात पृथ्वी तापायची थांबली नाही तर या सावलीचा उपयोग किती दिवस, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर किनाऱ्यावरच्या पोरांकडे नाही, आपल्या सगळ्यांकडे आहे. तोवर निदान हातातलं तरी नीट करू या. हॅचरीच्या फळ्यावर पिल्लांच्या आकड्याशेजारी वाळूचं तापमानही लिहिलेलं दिसलं, तर तो आकडा वाचायला मला जास्त आवडेल.