ओटा आणि माळा

गतवर्षी आमच्या मंडळाच्या ग्रंथालयाने दिवाळी अंकांची यादी संगणकावर जाहीर केली आणि त्याच सायंकाळी संगणक मुका झाला. जुन्या नोंदवह्यांना वाळवी लागल्यापासून साऱ्या पुस्तकांची नोंद त्या एकाच यंत्रात होती. ग्रंथपालबाईंचा चेहरा उतरला. कोणी म्हणाले, "नवे यंत्र घ्या." पण मंडळाजवळ तेवढी शिल्लक कोठली?

वाचकहो, मुख्य स्मृती म्हणजे स्वयंपाकघरातील ओटा आणि 'स्वॅप' म्हणजे माळा. ओट्यावर दाटी झाली की लिनक्स प्रणाली तूर्त न लागणारी भांडी तबकडीवरील या माळ्यावर ठेवते. त्यात गैर काही नाही. मात्र तेच भांडे घडोघडी वर-खाली करावे लागले, तर स्वयंपाक खोळंबतो. कारण तबकडी स्मृतीहून पुष्कळच मंद असते.

यंत्र पुन्हा सुरू करून आम्ही प्रथम नोंदींची प्रत काढून घेतली. मग 'फ्री' ही आज्ञा दिली. तिच्यातील 'फ्री' हा रकाना लहान दिसला म्हणून घाबरू नये. रिकामी स्मृती लिनक्स फायलींच्या साठ्यासाठी वापरते व गरज पडताच बहुतांशी मोकळी करते. खरा अंदाज 'अव्हेलेबल' या रकान्यावरून येतो. आमच्या 4 गिगाबाइटपैकी तेथे जेमतेम 90 मेगाबाइट उरले होते. 'व्हीएमस्टॅट' या आज्ञेत 'एसआय' व 'एसओ' हे आकडे सतत मोठे येत होते. म्हणजे माळ्यावरची ये-जा थांबतच नव्हती. प्रणालीच्या रोजनाम्यात 'आउट ऑफ मेमरी' अशी नोंदही सापडली. स्मृती अगदीच संपली की प्रणालीचा गाभा नाइलाजाने एखादे काम स्वतःच बंद पाडतो, बहुधा सर्वांत जास्त जागा अडवणारे. आमच्या येथे बळी गेला तो नोंदी सांभाळणाऱ्या कार्यक्रमाचा.

मूळ दोष निराळाच होता. पाहुण्यांना पाने दाखविणाऱ्या कार्यक्रमास एका वेळी 150 सेवक उभे करण्याची मुभा होती आणि प्रत्येकास सुमारे 60 मेगाबाइट लागत. हिशेब 9 गिगाबाइटवर जातो! आम्ही ती मर्यादा 20 वर आणली. शिवाय 2 गिगाबाइटची स्वॅप फाइल केली: प्रथम फाइल, मग इतरांस ती वाचता येऊ नये म्हणून 600 ही परवानगी, नंतर 'एमकेस्वॅप' व 'स्वॅपऑन'. 'एफस्टॅब'मध्ये ओळ लिहावयास विसरू नये. नाहीतर यंत्र पुन्हा सुरू होताच माळा नाहीसा होतो. भरलेला माळा मात्र ओट्यावर जागा नसताना 'स्वॅपऑफ'ने उतरवू नये.

माळा वाढवून ओटा मोठा होत नाही. कामच खरोखर वाढले असेल, तर स्मृती विकत घ्यावी. परंतु आधी हिशेब मांडावा. आमचे काम एका पैशावाचून झाले. ग्रंथपालबाई आता दर शनिवारी नोंदींची प्रत काढून कपाटात कुलपाआड ठेवतात.