मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

दिवाळी जवळ आली की पुरवण्यांतून, रेडिओवरून आणि महिला मंडळांच्या व्यासपीठांवरून एक उपदेश हमखास कानी पडतो : गृहिणींनो, काटकसर करा. डाळ आधी भिजत घाला, कुकरमध्ये एकावर एक तीन भांडी लावा, उरलेल्या भाताची थालीपिठे करा, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत घाला, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवा. यातले एकही सांगणे खोटे नाही. भिजलेली डाळ लवकर शिजते, झाकण ठेवले की गॅस कमी लागतो, गोधडी ऊबही देते. आमच्या आयाआज्यांनी हे सारे कुणीही न शिकवता केले. 'थेंबे थेंबे तळे साचे' असे आपण म्हणतो. आमच्या सीमाभागात भिंतीपलीकडची कानडी शेजारीण 'हनि हनि कूडिदरे हळ्ळ, तेने तेने कूडिदरे बळ्ळ' म्हणते. थेंबाथेंबाने ओढा भरतो, कणसाकणसाने माप भरते. शहाणपण एकच आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही.

भांडण आहे ते हा उपदेश नेहमी एकाच दाराशी का थांबतो याबद्दल. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येतो, चुलीपुढे बसलेल्या बाईला चार शब्द ऐकवतो आणि सोप्यावर बसलेल्या मंडळींना नमस्कार करून निघून जातो. सोप्यावर जे खर्च ठरतात, त्यांना काटकसरीचा नियम लागू नाही. त्यांना 'प्रतिष्ठा' म्हणतात. मराठीत याला फार जुनी आणि नेमकी म्हण आहे : मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा.

म्हणीवर विश्वास नसेल तर हिशेब करू. एखाद्या गृहिणीने जिवाचा आटापिटा करून रोज दहा रुपये वाचवले असे धरा. भाजी दोन ठिकाणी विचारून घेतली, रिक्षा सोडून चालत आली, दुधाची साय साठवून तूप घरी कढवले. वर्षाचे झाले ३,६५० रुपये. आता त्याच घरात मुलीचे लग्न निघाले. कार्यालय, मंडप, मानपान, बँड, आणि हल्ली लग्नाआधीच नदीकाठी काढायचे फोटो. हाताशी पैसे नाहीत म्हणून तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज घेतले, दर १४ टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ६,९८० रुपये. पाच वर्षांत फेडायचे सुमारे ४,१८,८०० रुपये. म्हणजे नुसते व्याज १,१८,८०० रुपये. त्या बाईने रोजचे दहा रुपये वाचवून हे व्याज भरून काढायचे म्हटले तर तिला साडेबत्तीस वर्षे लागतील. मुद्दल वेगळेच. सुनेची सासू होईल, सासूची पणजी होईल, तरी कोथिंबिरीच्या काड्यांतून मंडपाचे व्याज फिटायचे नाही.

हेच लग्न पाच वर्षांनी येणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. मुलगी काही एका रात्रीत उपवर होत नाही. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीला ऑक्टोबर २०२३ मध्ये ६.७ टक्के दर लागला. त्या दराने महिन्याला ४,२०० रुपये टाकले असते तर पाच वर्षांनी साधारण तेच तीन लाख हातात आले असते. आधी ४,२०० की नंतर ६,९८०, एवढाच प्रश्न होता. तो सोप्यावर कुणी विचारला नाही, आणि चुलीपुढे विचारण्याचा अधिकार नव्हता.

सोन्याचेही तसेच. दागिना घेताना सोन्याची किंमत वेगळी आणि घडणावळ वेगळी. घडणावळ शेकडा १२ धरली तर एक लाखाच्या सोन्यामागे १२,००० रुपये गेले. उद्या अडीनडीला दागिना मोडायला नेला तर सराफ सोन्याचे पैसे देतो, घडणावळीचे देत नाही. हे बारा हजार म्हणजे दहा रुपये रोज या हिशेबाने तीन वर्षांहून अधिक काळाची काटकसर. यावर सोप्यावरून उत्तर तयार असते : "सोन्याचा हट्ट तर बायकांचाच!" असेल. पण तो का, हेही विचारा. घर सासऱ्यांच्या नावे, शेत दिरांच्या सामाईकात, बँकेचे पुस्तक नवऱ्याच्या खिशात. जिच्या नावे जगात काहीच नाही, ती अंगावर घालता येईल तेवढे तरी आपले म्हणू पाहते. तिचा हट्ट सोडवायचा तर उपदेश पुरणार नाही, घराच्या उताऱ्यावर तिचे नाव लागायला हवे.

घरातल्या लहान काटकसरीतही हीच आंधळी कोशिंबीर चालते. कर्नाटकात १ जुलै २०२३ पासून गृहज्योती योजना लागू झाली. आधीच्या वर्षाच्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढ, आणि कमाल २०० युनिटांपर्यंत वीज मोफत, असा तिचा नियम. महिन्याचा वापर २०० च्या वर गेला की संपूर्ण बिल भरायचे. झाले, घराघरात पहारा सुरू झाला. स्वयंपाकघरातला दिवा चालू राहिला की आतून सून आणि बाहेरून सासरे, दोघांचा आवाज चढतो. आता नऊ वॉटचा एलईडी दिवा एक युनिट जाळायला १११ तास घेतो. दोन हजार वॉटचा गिझर तेच युनिट अर्ध्या तासात खातो. ज्या गृहस्थांनी सकाळी गिझर लावून वर्तमानपत्र हातात घेतले आणि अर्धा तास विसरले, त्यांनी त्या दिव्यावरून वर्षभर बोलू नये. काटकसर करायची तर आधी मोजायला शिकावे. न मोजता केलेली काटकसर म्हणजे नुसती कुरकुर.

आणि त्याच वर्षी आलेल्या आणखी दोन योजना पाहा. ११ जून २०२३ ला शक्ती योजना सुरू झाली, राज्याच्या साध्या बसमधून बायकांचे तिकीट माफ झाले. ३० ऑगस्टला गृहलक्ष्मी सुरू झाली, घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर महिना २,००० रुपये. पलीकडे चंदगड-गडहिंग्लजला दिलेल्या आमच्या बहिणींना २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये मिळू लागले. या योजनांवर दोन्ही राज्यांत हवी तेवढी चर्चा झाली, मतांचे राजकारण म्हणून नाकेही मुरडली गेली. मी साधा घरगुती प्रश्न विचारते. खानापूरहून बेळगावला कामाला येणाऱ्या बाईचे वाचलेले भाडे कुठे गेले? किती घरांत ते तिच्या नावे साठले, आणि किती घरांत "आता तुला भाड्याला पैसे कशाला?" म्हणून परत घेतले गेले? तिच्या दोन हजारांचा पै-पैचा हिशेब मागणारे हात स्वतःच्या पानपट्टीचा हिशेब देत नाहीत. रोज पन्नास रुपयांची सिगारेट नाहीतर मावा, म्हणजे वर्षाला १८,२५० रुपये. वर पुढे डॉक्टरांचे बिल येते ते वेगळे. हा खर्च कुठल्याच काटकसरीच्या लेखात नसतो, कारण तो लेख गृहिणींना उद्देशून असतो!

बरे, एवढे करून साठलेले ठेवायचे कुठे, तेही सोप्यावरच ठरते. ओळखीचा संचालक असतो, एक-दोन टक्के जादा व्याज असते आणि गल्लीतल्या सोसायटीत घरची पुंजी जाते. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या आणि सोसायटीतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. पाच लाखांवर दोन टक्के जादा म्हणजे वर्षाला दहा हजार. त्या दहा हजारांसाठी पाच लाख टांगणीला लावायचे, आणि घरात साखर जास्त संपली म्हणून बाईला बोलायचे. सोसायटी बुडाली की ती बाई पावती घेऊन रांगेत उभी राहते. पैसे ठेवताना तिला कुणी विचारलेले नसते.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. "लग्न एकदाच होते." खरे आहे, पण हप्ता साठ वेळा येतो. "लोक काय म्हणतील?" लोक जेवून जातात, मिठाई जरा जास्त गोड होती म्हणतात आणि चप्पल शोधायला लागतात. "लोकांच्या घरी आपण जेवलो, त्यांना जेवू घालायला नको?" हा आक्षेप मात्र खरा आणि मोलाचा. गल्लीचे जेवण ही आपल्याकडची जुनी देवघेव आहे, ती मोडावी असे मी म्हणणार नाही. घाला जेवू. भात, आमटी, एक भाजी, एक गोड. पंगतीला कर्ज लागत नाही. कर्ज लागते ते दिखाव्याला, आणि आमच्याकडे तो दोनदा होतो : एक समारंभ बेळगावला, दुसरा पाहुण्यांच्या सोयीसाठी कोल्हापूरला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि त्या समाजाने कमी खर्चाच्या साध्या विवाहाची रीत घालून दिली. दीडशे वर्षे होऊन गेली. आम्ही त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि हप्त्याच्या कागदावर सही करतो.

आणि सीमाभागातल्या आपण मंडळींनी तर हे विशेष ऐकावे. १९५६ पासून आपण रेषेबद्दल बोलत आलो. कुणी न विचारता आखली गेलेली रेषा माणसाचे काय करते, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. मग सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामधली रेषा कुणाला विचारून आखली? अलीकडे खर्चाचा अधिकार, पलीकडे काटकसरीचे कर्तव्य, ही वाटणी कुठल्या आयोगाने केली?

म्हणून या दिवाळीत उपदेशाची दिशा बदलावी असे मला वाटते. लक्ष्मीपूजनाला वही मांडतातच. त्या वहीत या वर्षी घरातला सगळा खर्च एकाच पानावर लिहा : डाळ, दूध, गिझर, पान-तंबाखू, हप्ते, वर्गणी, आहेर, सारे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने तो वाचावा. दहा हजारांच्या वरचा कोणताही खर्च घरच्या बाईला विचारल्याशिवाय ठरू नये. कर्ज काढायचे झाले तर सही करण्याआधी एकूण व्याजाचा आकडा मोठ्या अक्षरात लिहून तो मोठ्याने वाचावा. ठेवीची पावती दोघांच्या नावे असावी. आणि मुलगी पंधरा वर्षांची झाली की तिच्या नावे आवर्ती ठेव सुरू करावी. ती मंडपासाठी असलीच पाहिजे असे नाही. पाच वर्षांनी ती पुढे शिकायचे म्हणाली तर ते पैसे तिथे असतील.

डाळ तर बायका भिजत घालतीलच. ती काल घातली होती, उद्याही घालतील. मोरीचा बोळा त्यांनी घट्ट बसवून ठेवला आहे. आता दरवाजापाशी जे बसले आहेत, त्यांनी उठून कडी लावावी.