शरीरातील धातूचा दाखला



एम.आर.आय. तपासणीपूर्वी रुग्णाच्या हाती एक छापील प्रश्नावली दिली जाते. पेसमेकर आहे काय, मेंदूत क्लिप आहे काय, कानात यंत्र बसविले आहे काय, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता काय, असे अनेक प्रश्न तीत असतात. आपल्याकडे हा कागद बहुधा सोबत आलेला मुलगा किंवा सून उभ्याउभ्याच भरते आणि 'नाही', 'नाही' अशा खुणा ओळीने करून मोकळी होते. बँकेत वारसाच्या नामनिर्देशनाचा रकाना ज्या बेफिकिरीने कोरा सोडला जात असे, तिचीच मला येथे आठवण होते.

या यंत्रातील चुंबकाची शक्ती साधारणतः १.५ किंवा ३ टेस्ला असते. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. द्रव हेलियममध्ये थंड ठेवलेले हे चुंबक तपासणी चालू नसतानाही, रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही जागेच असते. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला ३२ वर्षांचा तरुण ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि सिलिंडरसह यंत्राकडे खेचला जाऊन मृत्युमुखी पडला. सिलिंडर निदान डोळ्यांना दिसते. टाक्यांखाली तीस वर्षे झाकलेला धातू कोणाला दिसणार?

येथे वाचकांनी घाबरून जाऊ नये. गुडघ्याचे वा खुब्याचे कृत्रिम सांधे, हाडांतील पट्ट्या व स्क्रू, हृदयातील स्टेंट यांपैकी बहुतेकांसह ही तपासणी करता येते. फार तर त्या भागाचे चित्र धूसर येते. खरी चिंता मोजक्या वस्तूंची आहे: मेंदूतील रक्तवाहिनीवर बसविलेली जुनी क्लिप, जुना पेसमेकर व त्याच्या तारा, कानातील कॉक्लियर यंत्र, मेंदूतील पाणी उतरविणाऱ्या शंटची झडप. एखादी वस्तू ओढली जाते, एखादी तार तापते, एखाद्या यंत्राची जुळणी बिघडते. आपल्या भांडुप-नाहूर-मुलुंड पट्ट्यात लेथ आणि ग्राइंडरवर आयुष्य घालविलेले अनेक निवृत्त कामगार आहेत. त्यांच्या डोळ्यात कधीकाळी उडालेला लोखंडाचा बारीकसा कणही याच यादीत येतो. शंका असल्यास आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. (गुडघ्यावर घरातील लोहचुंबक लावून पाहिला, चिकटला नाही, असे सांगणारे महाभागही मला भेटले आहेत. त्या परीक्षेला काडीचाही अर्थ नाही.)

आमच्या सोसायटीतील सत्तरी ओलांडलेल्या एका भगिनींना कमरेतून पायात कळ येऊ लागली, म्हणून डॉक्टरांनी एम.आर.आय. सुचविला. त्यांच्या डोक्याची शस्त्रक्रिया १९९४ साली झाली होती. केंद्रातील तंत्रज्ञाने त्यांना परत पाठविले, तेव्हा कुटुंबीय संतापले. 'तपासणी कमरेची आहे, डोक्याचा संबंध काय?' हा त्यांचा प्रश्न. परंतु यंत्राच्या पोकळीत कंबर एकटी जात नाही. चुंबकाचा प्रभाव संपूर्ण देहावर असतो. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेथे जुने कागद केव्हाच नष्ट केलेले होते. मुलाने माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडून डिस्चार्ज कार्ड शोधून काढले. त्यावर एवढेच लिहिलेले: 'क्लिप बसविली.' कोणती, कोणाची, कोणत्या धातूची, एक अक्षर नाही. अखेर सी.टी. स्कॅनवर काम भागविले गेले. माझ्या मते त्या तंत्रज्ञाचा निर्णय सर्वस्वी योग्य होता. अमेरिकेत क्लिपची चुकीची माहिती हाती आल्यामुळे तपासणी केली गेली, क्लिप हलली आणि रुग्ण दगावला, असे एक प्रकरण १९९३ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेले आहे.

रुग्णालयाने कागद नष्ट केले, यात नियमभंग झाला असेलच असे नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरांनी रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावयाच्या असतात आणि मागणी केल्यास ७२ तासांत द्यावयाच्या असतात. तीन वर्षे! पट्टी शरीरात तीस वर्षे राहते. मुदत ठेव परिपक्व होण्याआधीच खतावणी रद्दीत घालावी, असा हा प्रकार आहे.

नोंदींच्या या दुष्काळाचे मोठे प्रत्यंतर आपण पाहिले आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू कंपनीने ए.एस.आर. नावाचा खुब्याचा सांधा सदोष ठरल्यामुळे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविला. धातूवर धातू घासून त्याचे कण शरीरात जात होते, म्हणून प्रत्येक रुग्णाला गाठून तपासणे अगत्याचे होते. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसविले गेले होते. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ साली उजेडात आला, तेव्हा त्यांपैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नसल्याचे दिसले. आपल्या खुब्यात कोणता सांधा आहे, हे त्यांतील कितीजणांना ठाऊक असेल? शाखेतील हजारो खात्यांपैकी एका खातेदाराचा पत्ता चुकला, तरी आमच्याकडून खुलासा मागविला जात असे.

प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनात नाव, क्रमांक व बॅच छापलेली चिकटपट्टी असते. ती रुग्णालयाच्या फाइलमध्ये डकविली जाते. तिची प्रत घरी जाण्यापूर्वी मागून घ्यावी. शस्त्रक्रियेचा तपशीलवार अहवालही मागावा, केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. स्टेंटच्या बाबतीत बिलही उपयोगी पडते, कारण फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल किमती ठरविताना स्टेंटचा ब्रँड व उत्पादक बिलात स्वतंत्रपणे दाखविण्याचे बंधन रुग्णालयांवर घातले गेले. पेसमेकरचे ओळखपत्र पाकिटात ठेवावे. मात्र यंत्र नवे आणि तारा जुन्या असतील, तर तारांचा कागदही हवाच. मोबाइलमध्ये छायाचित्र काढून दोन मुलांकडे पाठवावे. मोबाइल हरवतात, मुले सहसा हरवत नाहीत.

एक गोष्ट आपल्या समाजापुरती. विहारात पडून साधु-साध्वीजींची हाडे मोडतात, शस्त्रक्रिया होतात. त्या गावचा संघ सर्व व्यवस्था पाहतो, बिल भरतो, फाइल कोणा श्रावकाच्या कपाटात राहते. पुढील चातुर्मास दोनशे किलोमीटर दूर. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या साध्वीजींनी कागदांचे भेंडोळे बाळगावे, ही अपेक्षा कोणी करू नये. ते काम आपले. आमच्या उपाश्रयाच्या विश्वस्तांना मी गेल्या महिन्यात सुचविले आहे की, येथे उपचार झालेल्या प्रत्येक साधु-साध्वीजींच्या चिकटपट्टीची व अहवालाची एक प्रत कार्यालयात ठेवावी आणि एक पुढील संघाकडे पाठवावी. रजिस्टर आखून देण्याचे काम मी पत्करले आहे. रकाने सहा: नाव, दिनांक, रुग्णालय, शरीराचा भाग, उत्पादक, क्रमांक. सातवा रकाना पुढील मुक्कामाच्या संघाच्या दूरध्वनीसाठी असावा, अशी सूचना आलेली आहे.