मुखपृष्ठावरची सही

दसरा उलटला की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या स्टेशनांबाहेरचे स्टॉल दिवाळी अंकांनी भरून जातात. लोकल गाठायच्या घाईतला वाचक आधी चित्र पाहतो, अनुक्रमणिका नंतर. अंक हाती घ्यायला लावणाऱ्या त्या चित्रकाराचे नाव मात्र आज फारच थोड्यांना सांगता येते.

एकेकाळी तसे नव्हते. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली आणि १९४५ साली तर दीनानाथ दलाल या चित्रकारानेच ‘दीपावली’ काढला. दलाल, मुळगावकर या चित्रकारांची नावे घराघरांत लेखकांच्या बरोबरीने घेतली जात.

छपाई तेव्हा ठशांची. रंगीत चित्राचे पिवळा, लाल, निळा, काळा असे वेगवेगळे ब्लॉक बनत आणि प्रत्येक रंग कागदावर स्वतंत्रपणे चढे. कागद जरासा सरकला की नायिकेच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरलाच! रंग वाढला की खर्च वाढे, म्हणून कितीतरी पुस्तकांची दोन रंगांतच बोळवण होई. तेवढ्यात, हाताने रेखलेल्या अक्षरांसह, पुस्तकाचा स्वभाव पकडायचा. आजची अनेक तयार छायाचित्रांची मुखपृष्ठे त्यापुढे फिकी वाटतात.

मुखपृष्ठकार पुस्तकाचा पहिला वाचक असतो. सत्यजित राय कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठे करत. ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या आवृत्तीची चित्रे काढतानाच त्यांच्या मनात त्याच नावाच्या चित्रपटाने मूळ धरले.

अशी मुखपृष्ठे मात्र वाचनालयांतही टिकत नाहीत. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. पण हातोहात फिरणारे पुस्तक खिळखिळे होऊन बाईंडरकडे जाते, तेव्हा बहुधा त्याचे फाटके वेष्टन निघते आणि वर रेक्झिन चढते. मजकूर वाचतो, चित्र जाते. कोपऱ्यातली चित्रकाराची सहीही त्यासोबत जाते.

हे थांबवणे अवघड नाही. बांधणीआधी मुखपृष्ठ सोडवून आतल्या पानावर डकवता येते. घरची पुस्तके बांधायला देताना बाईंडरला तेवढे आवर्जून सांगा. आणि हा अंक उघडण्याआधी त्याच्या मुखपृष्ठावर क्षणभर थांबून चित्रकाराची सही शोधा.