जांभ्याच्या घराला एकच पांढरी ट्यूब पुरते का?

रत्नागिरी : पावसाळ्यात दुपारी तीनलाच माजघरात दिवा लावावा लागतो, हे कौलारू घरात राहणाऱ्यांना नवीन नाही. गणपतीच्या तोंडावर रंगकाम निघते, वायरमनला बोलावणे जाते आणि ठरलेले फर्मान सुटते, ‘जास्त उजेडाची पांढरी ट्यूब लाव.’ ती लागते, तरी कोपरे काळोखेच राहतात. मग आणखी एक ट्यूब.

पांढरा म्हणजे जास्त उजेड?

नाही. प्रकाश किती, हे ल्यूमेन सांगतात; त्याची छटा केल्व्हिनमध्ये मोजतात. दुकानात मात्र विचारले जातात ते फक्त वॅट. ९ वॅटचा एलईडी साधारण ९०० ल्यूमेन देतो. तो २७०० केल्व्हिनचा पिवळसर असो की ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा, उजेडात फरक पडला तरी किरकोळ.

खरा फरक घर पाडते. चुना दिलेली भिंत बहुतेक प्रकाश परत फेकते. उघडा जांभा त्यातला बराचसा गिळून टाकतो. वर छत नसेल, तर उघड्या होल्डरमधल्या बल्बचा निम्मा उजेड वासे आणि कौलांत जातो. तिथे बसतात त्या फक्त पाली! बल्बवर साधी शेड लावली, तर तोच उजेड खाली येतो. शिवाय निळसर प्रकाशात जांभ्याचा तांबूसपणा मरतो आणि भिंत मळकट दिसते. हौसेने जांभा उघडा ठेवायचा आणि त्यावर ६५०० केल्व्हिनचा झोत टाकायचा, हा खर्च फुकट घालवण्याचाच प्रकार. तिथे २७०० ते ३००० केल्व्हिनच हवा.

स्वयंपाकघराचे गणित वेगळे. तिथे ४००० केल्व्हिन चालतो, पण खोक्यावर ‘सीआरआय’ हा आकडा पाहावा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, ते तो सांगतो. ८० च्या खाली घेऊच नये, ९० मिळाला तर उत्तम. बांगडा ताजा आहे का, हे कल्ल्यांच्या लालीवरून ठरते. हलक्या दिव्यात ती लालीच फिकी पडते. आणि दिवा ओट्याच्या वर हवा. पाठीमागे असला, की विळीवर स्वतःचीच सावली.

सर्वात जास्त दुर्लक्ष होते ते घरातल्या वयस्कांकडे. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच असतो. म्हणून आजोबा ‘दिसत नाही’ म्हणतात आणि मुलगा आणखी झगझगीत ट्यूब आणतो. पण त्याच डोळ्यांना झगझगाट जास्त त्रास देतो. त्यांना पेपर वाचायला खुर्चीशेजारी शेड असलेला दिवा हवा आणि रात्री न्हाणीघराकडे जाताना पायरीवर मंद पिवळा. नव्या फ्लॅटमधल्या फॉल्स सीलिंगचे, पलंगावर पडले की थेट डोळ्यांत घुसणारे दिवे तर त्यांच्यासाठी शिक्षाच.

पडवीतही पिवळाच दिवा बरा. पावसाळी किडे निळसर प्रकाशाकडे अधिक झेपावतात.

यात वीजबिल वाढेल, ही भीती फारशी खरी नाही. २० वॅटची एक ट्यूब रोज पाच तास जळली, तर महिन्याला तीन युनिट होतात. ७ वॅटचे दोन आणि ५ वॅटचा एक, असे तीन दिवे तेवढाच वेळ लावले, तरी तीन युनिटांच्या आतच. शिवाय ते तिन्ही एकदम लावायची वेळ रोज येत नाही.