पनवेलच्या भूजलाचा विखुरलेला हिशेब

देहरंग धरणाने तळ गाठला की पनवेलला टँकर आठवतात. पायाखालच्या पाण्याचा हिशेब मात्र क्वचितच मागितला जातो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. परंतु बेसॉल्ट खडकात पाणी भेगांतूनच खेळते. शेजारशेजारच्या दोन विंधन विहिरींचे नशीबही वेगळे. त्यामुळे मोजक्या नोंदी अपुऱ्याच. निरनिराळ्या कार्यालयांत पडून असलेले जुने अहवाल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने एकत्र वाचता येतील, फूट-मीटरचा घोळही निस्तरेल. ‘देवळामागील विहीर’ नेमकी कोणती, हे मात्र गावातच विचारावे लागेल. विहीर-नोंदणी बंधनकारक करणारा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला. नोंदीविना खोदलेल्या विहिरींचा तर कागदच नाही. तेथे यंत्रही हतबल.