न लिहिलेला नियम आणि चोख लिहिलेली शिक्षा

मोटारीची चाके बदलणे कायदेशीर आहे काय, हा प्रश्न वरकरणी हौशी तरुणांचा वाटतो. प्रशासनाच्या दृष्टीने तो तसा नाही. नागरिकाने कायदा पाळायचे ठरवले तरी तो नेमका कसा पाळावा हे सांगणारा मजकूर उपलब्ध नाही आणि शिक्षेची तरतूद मात्र चोख आहे, अशा विषयांपैकी हा एक आहे. विषय लहान आहे, पण त्यातून आपल्या यंत्रणेची एक जुनी खोड दिसते.

प्रथम कायद्याचे शब्द पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरबदलाविषयी आहे. मूळ कलमात नोंदणी प्राधिकरणाला सूचना देऊन व त्याची मान्यता घेऊन फेरबदल करण्याची वाट ठेवलेली होती. २००० सालच्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूलतः विनिर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे आता हे कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात याच शब्दांवर बोट ठेवले आणि राज्याचा नियम अधिनियमाच्या वरचढ ठरू शकत नाही असे बजावले. त्या प्रकरणात वाद वाहनाच्या रचनेतील फेरबदलाचा होता, चाकांचा नव्हता. पण दुसऱ्या दिवशीपासून देशभर समज पसरला तो असा की, न्यायालयाने अलॉय व्हीलसुद्धा बंद केली. निकालपत्र वाचण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. त्यात आमच्या सेवेतील मंडळीही आली.

आता खाजगी मोटारीचे नोंदणी प्रमाणपत्र हातात घ्या. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, रंग, इंधन, आसनसंख्या, वजन हे सारे त्यात सापडेल. टायरचा आकार सापडणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील विहित नमुन्यात टायरची संख्या, वर्णन व आकार हे रकाने आहेत, पण ते मोटार कॅब वगळून अन्य परिवहन वाहनांसाठी. म्हणजे मालमोटारीच्या टायरची नोंद शासनाकडे आहे, तुमच्या-आमच्या मोटारीच्या टायरची नाही. जो तपशील प्रमाणपत्रात नाही, तो विसंगत कसा होणार? कलम ५२ च्या शब्दांपुरते बोलायचे तर खाजगी मोटारीची चाके बदलणे त्या कलमाचा भंग ठरवणे कठीण आहे, असे माझे वाचन आहे.

परंतु १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १८२-क अंमलात आले. त्याच्या पोटकलम ४ प्रमाणे, अधिनियमाने वा नियमांनी परवानगी न दिलेल्या रीतीने फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे अडचण सुरू होते. कलम ५२ म्हणते, अमुक करू नका. कलम १८२-क म्हणते, परवानगी नसलेले काहीही करू नका. मग परवानगी कशाकशाला आहे ते नियमांत शोधायला जावे, तर चाकांच्या बाबतीत पाने कोरी. (चार चाके बदलली तर तो फेरबदल एक की चार, हेही कोणी सांगितलेले नाही. दंडाच्या रकमेत पंधरा हजारांचा फरक पडतो, तेव्हा प्रश्न अगदीच विनोदी नव्हे.)

ही उणीव अधिकाराच्या अभावी राहिलेली नाही. कलम ११० ने टायरचा आकार, प्रकार, स्थिती आणि कमाल भारक्षमता यांविषयी नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला स्पष्ट शब्दांत दिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ ला परंतुक जोडून फेरबदलांची मानके व मान्यतेच्या अटी विहित करण्याचा आणखी एक अधिकार दिला. एवढेच नव्हे तर अशा मान्य फेरबदलामुळे उत्पादकाची हमी रद्द समजू नये असेही त्यात लिहिले. संसदेने एकाच कामासाठी दोन लेखण्या हाती दिल्या आहेत. त्यांतून झिजलेल्या टायरचा नियम उतरला: मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. भाराशी टायरचे नाते सांगणारा नियमही आहे. २०२० साली ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीसंच असलेल्या लहान वाहनांना जादा चाक बाळगण्यातून सूटही मिळाली. पण मालकाने दुसऱ्या आकाराचे चाक कोणत्या मर्यादेत लावावे, याविषयी एक ओळही नाही.

हा नियम लिहिणे अवघड आहे काय? गणित शालेय आहे. स्विफ्टच्या २०१८ सालच्या पिढीत खालच्या प्रकाराला १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकाराला १८५/६५ आर १५ टायर खुद्द उत्पादकानेच दिले. पहिल्याचा बाह्य व्यास ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. रिम एक इंचाने वाढली, टायरची भिंत तेवढी उतरली, चाकाची उंची जवळजवळ तीच राहिली. खालचा प्रकार घेतलेल्या माणसाने पुढे वरच्या प्रकाराची चाके बसवली तर त्याला गुन्हेगार म्हणण्यात कोणते सार्वजनिक हित आहे, हे मला समजत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. त्याच मोटारीला एखाद्या दुकानदाराने २०५/६० आर १६ बसवून दिले, तर व्यास ६५२.४ मिलिमीटर होतो, म्हणजे सुमारे पाच टक्के जास्त. काटा ताशी १०० दाखवील तेव्हा मोटार मूळच्या चाकांच्या तुलनेत पाच किलोमीटर अधिक धावत असेल. वळणावर टायर आतल्या अस्तराला घासेल ते वेगळेच. आणि जिथे व्यास अचूक जुळतो तिथेही फसगत होते. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या घरातला फरक. दुकानदार कागदावर आकडेमोड करून खूश. पण या आकारात सर्रास मिळणाऱ्या टायरचा भारांक ८७, म्हणजे ५४५ किलो. मूळ टायरचा ८८, म्हणजे ५६०. चार चाकांत मिळून ६० किलोंची क्षमता गेली. सुट्टीत कुटुंब व सामान भरून इंदूरहून पुण्याकडे निघालेल्या माणसाला ते कोणी सांगितलेले नसते.

दुकानदारांविषयी मला फारसा कळवळा नाही. ‘सब लीगल है साहब’ हे वाक्य बंगळूरपासून दिल्लीपर्यंत एकाच आत्मविश्वासाने ऐकू येते. चाक बाहेर यावे म्हणून हब आणि रिमच्या मध्ये चकत्या घालणे, मधले भोक हबशी न जुळणारी रिम नुसत्या नटांच्या भरवशावर आवळणे, जपानी चाचणीच्या चिन्हाची नक्कल केलेली स्वस्त रिम खपवणे हे प्रकार धोक्याचे आहेत आणि त्यांवर कारवाई झालीच पाहिजे. टायरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशान्वये बंधनकारक आहे. तपासणी तेथून सुरू करता येते. पण रस्त्यावरचा अंमलदार सहसा हे पाहत नाही. तो चकाकी पाहतो. चकाकणारी चाके आणि परराज्याचा क्रमांक एकत्र दिसले की शिट्टी वाजते. महाराष्ट्राबाहेर एमएच क्रमांकाची गाडी बाळगणाऱ्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको. आणि झिजून गुळगुळीत झालेल्या, पण ‘कंपनीच्या’ टायरवरची गाडी शेजारून निर्धास्त निघून जाते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. तोवर परिवहन कार्यालयात तिची चाके कोणी निरखत नाही. साराच निकाल रस्त्याच्या कडेला, उभ्याउभ्या लागतो. नियम अस्पष्ट आणि निर्णय उभ्याउभ्या, या जोडीतून काय जन्मते ते प्रशासनात काही वर्षे काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

जर्मनीत राहणाऱ्या वाचकांना हे विचित्र वाटेल. तेथील कायदा आपल्याहून मवाळ मुळीच नाही. अमान्य चाके लावली तर वाहनाची रस्त्यावर चालण्याची मान्यताच संपुष्टात येऊ शकते. पण तेथे रिमवर मान्यतेचा क्रमांक कोरलेला असतो, कोणत्या वाहनाला कोणती रिम व कोणता टायर चालेल याचा कागद सोबत मिळतो, आणि आवश्यक तेथे तपासणी करून वाहनाच्या कागदपत्रांत नोंद होते. कडक असूनही तो कायदा पाळता येतो.

आपल्याकडेही हे अपरिचित नाही. सीएनजी संचाचे उदाहरण घ्या: संचाला चाचणी संस्थेची मान्यता, अधिकृत जोडणी, नोंदणी प्रमाणपत्रात इंधनाची नोंद. इंजिनाला ज्वलनशील वायू जोडण्याची रीत आपण ठरवू शकलो, आणि चार रिमांपुढे लेखणी अडली आहे. उत्पादकाने त्या मॉडेलच्या कोणत्याही प्रकारासाठी मंजूर करून घेतलेला आकार नोंदीविना चालेल. अन्य आकारासाठी व्यासातील फरकाची मर्यादा ठरेल, भारांक व वेगांक मूळाहून कमी असणार नाहीत, चाक बाहेर डोकावणार नाही, रिम चाचणी उत्तीर्ण असेल आणि प्रमाणपत्रात नोंद होईल. अधिसूचनेच्या मसुद्याला एक पान पुरेल. मंजूर आकारांची माहिती शोधायलाही कोठे जायला नको. प्रत्येक मॉडेलच्या मान्यतेच्या वेळी ती पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांपुढे उत्पादक स्वतःच सादर करतो. ती ‘वाहन’ प्रणालीत उघडी केली की रस्त्यावरचा अंमलदार आणि मालक एकच यादी पाहतील.

तोवर ज्यांना चाके बदलायचीच आहेत त्यांनी आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराचा आकार निवडावा, चालकाच्या दाराजवळची पट्टी आणि वाहनासोबतची पुस्तिका पाहून भारांक पडताळावा, पावतीवर आकार व मानकचिन्ह लिहून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच ठेवावी. स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यात न कळवलेला फेरबदल हे कंपनीचे आवडते कारण असते. काढलेली मूळ चाके मात्र भंगारात देऊ नयेत.